डाळ खाल्ली, पण कशाच्या जागी?

पोळ्यानंतर मामीकडे गेले तेव्हा ओसरीवर मूग-उडदाची पोती लागलेली होती आणि मामी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नव्हती. महिनाभरापूर्वी तिला शुगर निघाली. तपासणीच्या कागदांबरोबर कुठूनतरी एक छापील तक्ता आला होता. साखर बंद, गूळ बंद, भात बंद, बटाटा बंद, आणि सगळ्यात खाली निळ्या पेनाने कुणीतरी लिहिलेलं, ‘डाळी कमी’. तिने तो कागद माझ्यापुढे सरकवला. "आते दाय बी बंद का वं?"

खान्देशात डाळ बंद म्हणजे मागे काय उरतं बघा. उडदाची डाळ-भाकरी गेली, रात्रीची खिचडी गेली, पाहुण्यांसाठीची पाटोडी गेली, लग्नातलं वरण-बट्टी गेलं, डुबुकवडे गेले, फुनके गेले. राहिलं वांग्याचं भरीत. तेही बारा महिने गोड लागत नाही.

पण तो तक्ता लिहिणारा अगदीच चुकला होता असंही नाही. ‘डाळ म्हणजे प्रोटीन’ हे शाळेत इतकं घोकलंय की डाळीत आणखी काही असतं हे आपण विसरतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते काढले. त्यात १०० ग्रॅम कच्च्या तूरडाळीत प्रोटीन साधारण २२ ग्रॅम आहे आणि कर्बोदकं ५५ ग्रॅम. म्हणजे प्रोटीनच्या अडीचपट. कर्बोदकं म्हणजे ज्यांची पोटात शेवटी साखरच होते ती. घट्ट वरणाच्या एका वाटीला तीसेक ग्रॅम डाळ लागते असं धरलं, तर त्या वाटीतून सोळा-सतरा ग्रॅम कर्बोदकं पोटात जातात. नेहमीच्या दोन भाकरी आणि भात तसाच ठेवून ‘डाळ चांगली असते म्हणे’ म्हणत वरून तीन वाट्या वरण प्यायलं, तर साखर वाढणार. त्यात डाळीचा दोष नाही.

मग डाळ मधुमेहाला चांगली असं डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ का म्हणतात? गोष्ट वेगाची आहे, आणि ती आपल्याकडच्या माणसाला समजावायला फार कष्ट पडत नाहीत. केळीच्या बागेला पाटाने पाणी द्या किंवा ठिबकने द्या. आठवड्याचं पाणी मोजलं तर दोन्हीकडे सारखं ठेवता येईल. पण पाट फोडला की एकदम लोंढा येतो, सरी तुडुंब भरते, जमीन जेवढं पिऊ शकते त्याहून जास्त पाणी साचून राहतं. ठिबकमध्ये थेंब-थेंब येतं आणि मूळ ते घेत जातं. मधुमेहात स्वादुपिंडाचं इन्सुलिन कमी पडतं किंवा शरीर त्याला नीट दाद देत नाही, म्हणजे जमिनीची पिण्याची ताकदच घटलेली असते. अशा जमिनीत लोंढा सोडला तर पाणी साचणारच. पांढरा भात, मैद्याचा पाव हे पाटाचं पाणी. मटकी, हरभरा, मसूर हे ठिबक.

हा वेग मोजायची पट्टीही आहे. कॅनडात टोरांटो विद्यापीठात डेव्हिड जेनकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ‘ग्लायसेमिक इंडेक्स’ मांडला. रीत साधी. ५० ग्रॅम कर्बोदकं पोटात जातील एवढा एखादा पदार्थ माणसाला खाऊ घालायचा आणि पुढचे दोन तास रक्तातली साखर किती चढते ते मोजायचं. तेवढंच ग्लुकोज प्यायल्यावर जी चढ होते ती १०० धरायची आणि तिच्याशी ताडून बघायचं. २००८ मध्ये जगभरच्या मोजण्या एकत्र करून जो मोठा तक्ता निघाला त्यात उकडलेल्या पांढऱ्या भाताची सरासरी ७३ आहे, चपातीची ५२, मसुरासारख्या डाळींची ३२, काबुली चण्यासारख्या हरभऱ्याची २८, राजम्याची २४ आणि सोयाबीनची १६. तांदळाच्या जातीगणिक, शिजवण्यागणिक हे आकडे हलतात, म्हणून तीस आणि बत्तीस यांत भांडत बसू नये. पण सत्तर आणि तीस यांतला फरक खरा आहे.

हा फरक येतो कुठून, ते बघायला प्रयोगशाळा लागत नाही. शिजलेल्या भाताचं एक शीत आणि शिजलेल्या मटकीचा एक दाणा घ्या आणि चिमटीत दाबा. भाताचं शीत लगेच पसरतं, बोटाला चिकटतं. मटकीचं साल आधी निसटतं, मग आतला गर दोन तुकड्यांत सुटतो आणि तुकडे आपला आकार धरून राहतात. पोटातही जवळपास हेच होतं. डाळी-कडधान्यांतलं पिष्ट पेशींच्या जाड भिंतींआड कोंडलेलं असतं, आणि त्या भिंती शिजल्यावरही बऱ्याच शाबूत राहतात. पाचकरसाला आधी भिंत ओलांडावी लागते. शिवाय या पिष्टात अमायलोज नावाचा प्रकार जास्त असतो. त्याच्या साखळ्या सरळ आणि एकमेकींना घट्ट बिलगून असल्यामुळे त्या उकलायला वेळ लागतो. वर प्रोटीन असतं आणि फायबर, म्हणजे तंतू, असतात. काही पिष्ट तर लहान आतड्यात पचतच नाही, ते तसंच मोठ्या आतड्यात उतरतं आणि तिथले जिवाणू ते खातात.

या सावकाश पचण्याचा एक फायदा थोडा उशिरा दिसतो. जेनकिन्स यांच्याच गटाने १९८२ मध्ये लोकांना न्याहारीला मसूर दिले आणि चार तासांनी सगळ्यांना सारखंच जेवण दिलं. मसूर खाल्लेल्यांची साखर दुपारच्या त्या जेवणानंतरही कमी चढली. सकाळचं कडधान्य दुपारच्या भाकरीला थोडं सांभाळून घेतं. आपल्याकडे सकाळी पोहे खायचे आणि कडधान्य रात्रीसाठी भिजत घालायचं अशी रीत पडलीये, ती उलटी करून बघायला हरकत नाही.

आता साल. वरच्याच हैदराबादच्या तक्त्यात अख्ख्या हरभऱ्यात १०० ग्रॅमला २५ ग्रॅम तंतू आहेत, त्याचीच चणाडाळ केली की १५. अख्ख्या मुगात १७, मूगडाळीत ९. तूरडाळीतही ९च. जळगावच्या डाळ मिलमध्ये दाणा भरडतात, साल काढतात, डाळ पॉलिश करून पोत्यात भरतात आणि साल जातं चुणी म्हणून ढोरांच्या दावणीला. म्हशीची शुगर कुणी तपासत नाही, पण तिचा खुराक आपल्यापेक्षा बरा आहे. म्हणून उडदाची सालासकट काळी डाळ, अख्खे मूग, मठ म्हणजे मटकी, चवळी, हुलगे, हरभरे यांना पिवळ्याधमक डाळीच्या वरचा नंबर. आणि दाणा जितका बारीक दळाल, जितका घोटाल, तितक्या त्या पेशींच्या भिंती तुम्हीच फोडून देता. कुकरच्या सात शिट्ट्या आणि वर रवीने घोटलेलं गुळगुळीत वरण हे ठिबक खरं, पण नळी चारदोन ठिकाणी फुटलेली.

मला सांगायचंय ते एवढंच की डाळ ताटात कुणाच्या तरी जागेवर आली पाहिजे, वरून भर म्हणून नाही. आयसीएमआर-इंडियाब ही देशभर झालेली मोठी पाहणी आहे. तिच्यातून २०२५ मध्ये आहाराबद्दल जे प्रसिद्ध झालं त्यानुसार भारतीय माणसाच्या एकूण उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात, म्हणजे भात, गहू, साखर यांतून. प्रोटीन बिचारं कोपऱ्यात असतं. आपल्या ताटात भाकरी मध्यभागी बसते आणि डाळ भाकरी भिजवायला असते. ही मांडणी उलटली तर फरक पडतो.

किती पडतो, याबद्दलही फुशारकी नको. २०१२ मध्ये टोरांटोतच टाइप २ मधुमेहाच्या १२१ लोकांवर तीन महिने प्रयोग झाला. एका गटाने रोज निदान एक कप शिजलेली कडधान्यं खाल्ली, दुसऱ्याने कोंड्यासकट गव्हाचे पदार्थ वाढवले. एचबीएवनसी, म्हणजे दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी, पहिल्या गटात ०.५ ने उतरली, दुसऱ्या गटात ०.३ ने. कडधान्यं जिंकली, पण ०.२ ने. चांगलीच गोष्ट आहे, कारण ती रोजच्या जेवणातून मिळते. पण ‘भिजवलेल्या मुगाने शुगर मुळापासून गेली, गोळ्या फेकल्या’ असे जे मेसेज फिरतात त्यांच्याकडे हा आकडा डोळ्यांपुढे ठेवून बघावं.

मामीचं पुढचं म्हणणं होतं की कळण्याची भाकर तर चालेल, तिच्यात उडीदच आहे. आमच्याकडे तीन शेर ज्वारीला एक शेर सालासकट उडीद टाकून दळतात. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं. हिशोब मांडून बघितला. ८० ग्रॅम पिठाची नुसत्या ज्वारीची भाकरी घेतली तर कर्बोदकं साधारण ५४ ग्रॅम आणि प्रोटीन ८. तेवढ्याच पिठाची कळण्याची घेतली तर कर्बोदकं ४९-५० आणि प्रोटीन दहाच्या थोडं वर. तंतूही थोडे वाढतात. म्हणजे कळण्याची भाकरी सरस आहे, पण ती भाकरीच आहे. उडीद दळलेला आहे हेही विसरायचं नाही. दोनच्या जागी एक खाल्ली तर उपयोग. कळण्याची आहे म्हणून ठेच्याबरोबर तीन खाल्ल्या तर काय मिळवलं?

खिचडीचं गणित मला जास्त आवडतं, कारण खान्देशात रात्री खिचडी नाही असं घर शोधावं लागेल. तीन भाग तांदूळ आणि एक भाग डाळ, म्हणजे ६० ग्रॅम तांदूळ नि २० ग्रॅम तूरडाळ घेतली तर ५८ ग्रॅम कर्बोदकं नि ९ ग्रॅम प्रोटीन. निम्मे-निम्मे घेतले, ४० आणि ४०, तर कर्बोदकं ५३ आणि प्रोटीन १२. कर्बोदकं पाचच ग्रॅम घटली, एवढ्यासाठी एवढा खटाटोप? पण त्या ५३ पैकी २२ ग्रॅम आता ठिबकमधून येतायत, पहिल्या खिचडीत ११ येत होते. शिवाय निम्म्या डाळीची खिचडी जड बसते, दुसऱ्यांदा वाढून घ्यायला हात पुढे होत नाही. डाळीच्या जागी सालाचे मूग घातले तर आणखी बरं. वरचं कच्चं तेल मात्र चमच्याने मोजून घ्या, बाटली तिरपी करून नाही. पापड एकच.

वरण-बट्टीला माझ्याकडे तोडगा नाही. गहू-मक्याच्या जाड पिठाची बट्टी, ती उकडून कापलेली, तुपात तळलेली, आणि चुरल्यावर तिच्यावर ओतलेलं वरण. या ताटात डाळ आहे म्हणून ते मधुमेहाला चालतं असं म्हणणं म्हणजे मांडवात पाण्याची टाकी आहे म्हणून आग लागणार नाही म्हणण्यासारखं. लग्नाला जाऊन बट्टी खाऊ नये असं सांगायला मी काही वैरी नाही. एक बट्टी घ्या, वरण दोनदा घ्या, वांग्याची भाजी आधी खा. भाजी नि डाळ आधी आणि बट्टी-भात शेवटी, या क्रमानेही साखर थोडी कमी चढते. शेवभाजीत बेसन आहे, पण शेव तळलेली आहे आणि तर्री तेलाची आहे. साखर एकदम चढणार नाही, वजन मात्र चढेल, आणि वजन चढलं की साखर मागच्या दाराने येते. आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, पुरणपोळी खापरावरची असो की तव्यावरची, पुरणात चणाडाळीइतकाच गूळ असतो. तिथे डाळीचं नाव पुढे करू नये.

फुनक्यांना मात्र कुणी नाव ठेवून दाखवावं. तूरडाळ, हवी तर त्यात थोडी मूगडाळ, चार-पाच तास भिजवायची. पाणी पूर्ण निथळायचं आणि हिरवी मिरची, लसूण, जिरं घालून वाटायची, पण पाणी न घालता आणि भरड, इतकी की बोटांत घेतली तर दाण्याचे तुकडे लागले पाहिजेत. कांदा, कोथिंबीर, मीठ, हळद, हवा तर ओवा. मुठीने दाबून लांबट गोळे करायचे, चाळणीला तेलाचं बोट फिरवून त्यावर ठेवायचे आणि वाफवायचे. फोडल्यावर आतून रवाळ दिसला पाहिजे. चिकट दिसला तर वाटण बारीक झालं. बरोबर पातळ कढी, तिच्यात साखर न घालता. यात भाकरीची गरजच पडत नाही, फार तर अर्धी. वाटण भरड असल्याने सगळ्या पेशी फुटलेल्या नसतात, तळण नाही, पीठ नाही. आपल्या आज्यांनी हे मधुमेहासाठी केलं नव्हतं, तरी मधुमेहासाठी याहून नेमका पदार्थ मला सापडलेला नाही.

हे सगळं तुमच्या शरीराला कितपत लागू आहे ते शेवटी ग्लुकोमीटर सांगणार. जेवायच्या आधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा टोचायचं. एका दिवशी नेहमीची खिचडी, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला, तेवढ्याच ताटलीत निम्म्या डाळीची. आधीचा आणि नंतरचा आकडा यांतला फरक लिहून ठेवायचा. पुष्कळांसाठी दोन तासांनंतर १८० च्या आत ही मर्यादा धरतात, पण वय, इतर आजार, गरोदरपण यांनुसार ती बदलते, म्हणून तुमचा आकडा तुमच्या डॉक्टरांकडून घ्या. आमच्या घरचे आकडे मी इथे देत नाही. दुसऱ्याच्या रक्ताचे आकडे आपल्या काही कामाचे नसतात.

गॅसचं बोलायलाच हवं, कारण निम्मे लोक तिथेच सोडून देतात. डाळींत रॅफिनोज, स्टॅकिओज अशा साखरा असतात ज्या आपल्याला पचत नाहीत. त्या मोठ्या आतड्यात जातात आणि तिथे जिवाणू त्यांच्यापासून वायू करतात. रात्रभर भिजवून ते पाणी फेकून देणं आणि ताज्या पाण्यात शिजवणं याने त्या बऱ्याच कमी होतात. मोड आणल्याने आणखी थोड्या. अर्ध्या वाटीपासून सुरू करून दोन-तीन आठवड्यांत वाढवत नेलं तर पोटही रुळतं. पहिल्याच दिवशी दोन वाट्या हरभरे खाऊन रात्रभर तळमळायचं आणि मग ‘आपल्याला सोसत नाही’ म्हणायचं, हे काही खरं नाही.

व्होग्लिबोज किंवा अकार्बोज या गोळ्या चालू असतील तर एक गंमत माहीत असावी. या गोळ्या आतड्यात कर्बोदकं फोडणारा पाचकरस अडवतात, म्हणजे डाळ जे आपल्या अंगाने करते तेच गोळी औषधाने करते. त्यामुळे दोन्ही एकदम सुरू केलं तर पोट चांगलंच वाजतं. या गोळ्यांवर असताना कधी साखर घसरली, घाम फुटला, हात थरथरायला लागले, तर घरची साखर लवकर काम करत नाही, कारण तीही फोडावी लागते. ग्लुकोज पावडर लागते, ती घरात हवीच. पंधरा ग्रॅम पाण्यात घ्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. अशा वेळी कुणी वाटीभर वरण पुढे केलं तर ते बाजूला ठेवा. जो सावकाशपणा एरवी गुण आहे, तो इथे घात करेल.

ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने भाकरी एकदम अर्ध्यावर आणली तर डोस जुनाच राहतो आणि जेवण बदलतं, मग साखर खाली जाते. ताट बदलण्याआधी डॉक्टरांना सांगा. मूत्रपिंडावर परिणाम झालेल्यांसाठी वरचं काहीही जसंच्या तसं लागू नाही. त्यांना प्रोटीन आणि पोटॅशियम दोन्ही मोजावं लागू शकतं आणि ते मोजमाप क्रिएटिनिनचे रिपोर्ट बघूनच ठरतं. आणि शाकाहारी घरांसाठी एक जादाची सूचना. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी १२ कमी होऊ शकतं, आणि डाळीत बी १२ नसतंच. पायाला मुंग्या येतात त्या दरवेळी शुगरच्याच असतील असं नाही, एकदा बी १२ तपासून घ्यावं.

दिवाळीत पुन्हा मामीकडे गेले तेव्हा तिने शाळेच्या जुन्या वहीत दोन रकाने पाडलेले होते, एकात जेवण, एकात आकडा. ‘फुनके ५, भाकर अर्धी’ याच्यापुढे आकडा होता. ‘मठनी भाजी, भाकर १’ याच्यापुढेही होता. पुतण्याच्या साखरपुड्याच्या तारखेला नुसतंच ‘बट्टी’ लिहिलं होतं. किती, ते नाही. पुढचा रकाना कोरा. विचारलं तर म्हणाली, त्या दिवशी मशीनचा सेल संपला होता.